दऱ्या, दर्या

साखरीनाट्याच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्याला लागून
माझं झेरॉक्सचं दुकान. साडेसहा फूट रुंद.
एक कंप्युटर, एक प्रिंटर, आणि ओल्या हातांनी
डिझेल परताव्याचे फॉर्म भरायला येणारी गिऱ्हाइकं.

आधी रत्नागिरीहून आणलेल्या सीडीतली विंडोज होती.
अख्ख्या बंदराला एकच चावी,
पंचवीस अक्षरं, बिडीच्या पाकिटावर लिहून गल्ल्यात ठेवलेली.
दर पंधरवड्याला ती पडद्याच्या कोपऱ्यातून विचारायची,
तुमची प्रत अस्सल आहे ना?
एवढी चौकशी माझी सासरीही कुणी केली नव्हती.

मग सुट्टीला आलेल्या मुनीर सोलकरनं
एका रात्रीत सगळं पुसून लिनक्स टाकलं.
मी म्हटलं, फुकट ना?
तो म्हणाला, मोकळं.
फुकट म्हणजे संध्याकाळी उरलेली तारली.
मोकळं म्हणजे होडी उपडी घालून
फळी न् फळी तुला बघता येते,
सडकी असेल ती काढून तुझी ठोकता येते.

पुढचे दोन दिवस प्रिंटर बोलला नाही.
त्या दोन दिवसांतलं मोकळेपणाबद्दलचं माझं मत
इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी बोलला, पण वेगळंच.
ग्रामपंचायतीचा दाखला होता: गावाच्या पूर्वेस डोंगर व दऱ्या.
छापून आलं: पूर्वेस डोंगर व दर्या.
र चा तो झोपल्यासारखा वळसा
फॉन्टनं उचलून य च्या डोक्यावर बसवला होता.
सही-शिक्का झाल्यावर तलाठ्याच्या लक्षात आलं.
बाई, म्हणाला, समुद्र हलवलात की तुम्ही.

रात्री मोडक्या इंग्रजीत जगाला लिहिलं, फोटो जोडला.
पहिला म्हणाला, आधी शोधा, मग विचारा.
दुसरा म्हणाला, हिंदीत तर चालतंय.
तिसरा नि चौथा आपापसात जुंपले,
कोड कशात लिहावा यावरून,
आणि सकाळी दुकान उघडलं तरी भांडतच होते,
एकाच्या चेहऱ्याजागी मांजर, दुसऱ्याच्या जागी नुसतं टोपण.
माझ्या र कडे ढुंकूनही कुणी बघितलं नाही.

सात महिन्यांनी कुणी आर्टूर.
त्याच्या गावचा समुद्र म्हणे हिवाळ्यात गोठतो, लोक वरून चालत जातात.
म्हणाला, हा र असा वळतो ते दहा शब्द पाठव,
मी भाषा जाणत नाही, आकार जाणतो.

सुलेमानचाचा होडेकर बाकावर परताव्याची वाट बघत होते.
त्यांना विचारलं. ते पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगत गेले:
वाऱ्याला. किनाऱ्यावर. ताऱ्यांच्या.
दोऱ्या. सुऱ्या. भोवऱ्यात.
आणखी? पाऱ्यासारखा. कोऱ्या. म्हाताऱ्या.
दहावा मीच घातला: दऱ्या.

मग म्हटलं, चाचा, तुमच्या जीपीएसमध्ये एक्केचाळीस खुणा आहेत ना,
कुठल्या खडपावर घोळ मिळते त्या,
त्याही द्या की लिहून, मोकळ्या करू.
चाचा हसले नाहीत.
घे गो, शब्द किती पण घे. देऊन आटतत काय ते?
खडप आटता.
मुनीरचा ता लिनक्स वाटला तर दोघांकडे होता,
घोळ वाटली तर कोणाकडेच रवत नाय.

मुनीरला फोनवर हे सांगितलं.
तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, रेंज नाहीये.

पावसाळी बंदीत, होड्या ओढून शाकारलेल्या असताना,
सुधारलेला फॉन्ट आला.
बदलांच्या यादीत एक ओळ, आर्टूरचं नाव,
आणि खाली आभार म्हणून माझं, एक अक्षर चुकवून.
दाखला पुन्हा छापला. पूर्वेस दऱ्या.
दर्या आपल्या जागी, पश्चिमेला, दुकानाच्या मागे आपटत होता.

आर्टूरनं विचारलं, त्या दहा शब्दांचा अर्थ काय?
मी नऊ कळवले. कोऱ्या राहिला.

राजापूरच्या फायलीत मात्र पहिलाच दाखला गेला आहे.
तिथे आमच्या पूर्वेला अजून समुद्र आहे,
शिक्का मारलेला,
आणि तो कुणाला लिहून दुरुस्त करायचा
हे तलाठ्यालाही माहीत नाही.